फळी की होडी?

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर माझा भाचा पार्ल्याच्या आमच्या घरी एक भलीमोठी पिशवी घेऊन आला. पाठीवर अडकवायची, दहा-अकरा किलोंची, ट्रेकिंगवाल्यांच्या पिशवीसारखी पण जास्त ढेरपोटी. "मावशी, बंगळूरच्या घरात जागा नाही, तुझ्या माळ्यावर राहू दे," म्हणाला. आत काय आहे हे विचारल्यावर त्याने ती सरळ गच्चीवर नेली, वळकटी उलगडली आणि हातपंपाने हवा भरायला लागला. दहा मिनिटं घाम गाळल्यावर गच्चीत साडेदहा फूट लांबीची, दाराच्या फळीइतकी ताठ, निळी-पांढरी वस्तू पडली होती. तिच्यावर पाण्यात उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्याने वल्हवायचं. पाण्याची टाकी बघायला वर आलेला आमचा वॉचमन थबकला. "मॅडम, ये नाव है या पटरा?"

भाचा हसला. मी हसले नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे : उत्तर येत नसलं की मी कपाट उघडते. पुढे कळलं की वॉचमनचा प्रश्न मोठमोठ्या लोकांनाही पडला होता. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २००८ साली ठरवलं की लाटांचा आणि पोहण्याचा पट्टा सोडून बाहेर गेलं की ही वस्तू फळी नसून जलयान आहे; त्यामुळे तिच्यावर जीवरक्षक जाकीट हवं. लाटांवर स्वार होणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि होडी-कयाकवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्यात तर हा खेळ कोणाचा यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. एक म्हणे ही फळी आहे, दुसरी म्हणे वल्हं आलं तिथे होडी आली. लोझानच्या क्रीडा लवादाने २०२० मध्ये निकाल दिला की स्पर्धा दोघांनीही भरवाव्यात, ऑलिम्पिकच्या पातळीवर मात्र हा खेळ फळीवाल्यांचा. म्हणजे पटरा. वॉचमनला मी हे सांगितलं तेव्हा त्याला फारसं पटलं नाही. त्याचं गाव गंगेकाठचं आहे.

मला स्वतःला हा प्रश्न सतावत राहिला त्याचं कारण वेगळं होतं. जुहूचा समुद्र आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे, आणि साठी ओलांडेपर्यंत त्या पाण्यात मी गुडघ्याच्या वर कधी गेले नव्हते.

पार्लं आणि समुद्र यांचं नातं तसं विचित्रच. जुहू हे मुळात बेट. एकोणिसाव्या शतकातली वर्णनं वाचली तर ती एक लांबट वाळूची पट्टी दिसते; तिच्या आणि साष्टीच्या मधे खाडीचं पाणी, ओहोटीला चालत ओलांडता येईल असं. म्हणजे आज आपण ज्या रस्त्याने बससाठी ताटकळतो तिथे कुठेतरी एकेकाळी लोक धोतर गुडघ्यावर खोचून पलीकडे जात. पुढे भराव पडले. १९२८ साली जुहूला विमानतळ आला आणि १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन तिथेच उतरले. त्याआधी १९३०च्या एप्रिलमध्ये पार्ल्याला मिठाच्या सत्याग्रहाची छावणी उभी राहिली. जमनालाल बजाज, नरिमन, किशोरलाल मशरूवाला ही तिथली मंडळी. पार्लेकर एकजुटीने समुद्राकडे गेल्याचा मला ठाऊक असलेला तो एकमेव प्रसंग, आणि तोही पाणी आणून आटवण्यासाठी. एरवी पार्ल्याचं तोंड स्टेशनकडे. शाळा, लोकमान्य सेवा संघ, गाण्याच्या बैठका, नाटकाच्या तालमी सगळं पूर्वेला. पश्चिमेचा समुद्र हा रविवारी संध्याकाळी भेळ खाऊन बघायचा. जुहूच्या मोरागावात आणि पुढे वेसाव्यात कोळी पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर जगत होते, आमच्या दारात टोपली घेऊन येणाऱ्या मावशी तिथल्याच. पण त्यांचा समुद्र आणि आमचा समुद्र एक आहे असं आम्हांला कधी वाटलं नाही.

आमच्या घरात तर नियमच होता. वाळूत खेळा, घोट्यापर्यंत पाय भिजवा, पुढे नाही. नियम वडिलांचा. कारण विचारलं की ते एकच शब्द बोलत : "रामदास."

कोकणातून मुंबईला आलेल्या घरांत हा शब्द पुरेसा असे. १७ जुलै १९४७, आषाढ अमावस्येचा सुमार. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मोठ्या लाटेने पाणी आत आलं, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, आणि त्यांच्याच भाराने बोट आडवी झाली अशी हकीकत सांगितली जाते. वाचलेल्यांतल्या अनेकांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत ओढून घेतलं. वडील तेव्हा नुकतेच मुंबईत नोकरीला लागलेले, एकोणीस वर्षांचे. त्यांचं त्या बोटीवर कोणी नव्हतं. पण त्या आठवड्यात गिरगावातल्या ज्या खोलीत ते राहत, तिथली दोन माणसं परत आली नाहीत. एवढंच त्यांनी सांगितलं, तेही एकदाच.

तर गच्चीतल्या त्या निळ्या वस्तूकडे बघताना माझ्या मनात आधी ‘रामदास’ होती, खेळ नव्हता. माणूस पाण्यावर उभा राहिला की कलंडतो, ही माझी इतिहासाची समज होती. ती तपासावी म्हणून मी शोधायला लागले की आपल्याकडे पाण्यावर कोण, कशावर आणि कसं उभं राहत होतं.

उपनगरातच एक पुरावा आहे. बोरिवलीला एकसर गावात वीरगळांची एक रांग आहे. अकराव्या ते तेराव्या शतकातले हे दगड; काही अभ्यासक त्यांचा संबंध यादव राजा महादेव आणि ठाण्याचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर यांच्या लढाईशी जोडतात, ज्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला. दोन्ही टोकं उंच असलेली जहाजं, त्यांच्या कडेने वल्ह्यांची ओळ, वर शस्त्रं घेतलेले लोक. शाळेच्या सहली मी तिथे नेल्या आहेत. तेव्हा मुलांना लढाई दाखवली, वल्ही दाखवली नाहीत. आता बघते तर तिथे कामाची वाटणी स्पष्ट आहे : वल्हवणारे खाली, लढणारे वर. जहाज मोठं असल्याशिवाय उभं राहण्याची चैन नाही.

लहान साधनांची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती दगडात कोरलेली नाही, शब्दकोशात सापडते. मोल्सवर्थच्या कोशात ‘सांगड’ या शब्दाचे अर्थ बघण्यासारखे आहेत. दोन होड्या एकमेकींना बांधून केलेलं तरतं साधन, आणि पोहण्या-तरंगण्यासाठी एकत्र बांधलेले भोपळे. आपण आज ‘सांगड घालणे’ म्हणतो ते सभेत आणि अग्रलेखात. शब्द पाण्यातून आला आहे हे विसरून. इंग्रजीतल्या ‘कॅटामरान’चं उलटं झालं. तो शब्द तमिळ ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेलं लाकूड. चोलमंडलच्या किनाऱ्यावरचा तो ओंडक्यांचा तराफा. विल्यम डॅम्पियर नावाच्या इंग्रज दर्यावर्द्याने १६९७मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली आहे : एकदोन हलके ओंडके, त्यावर एकच माणूस, आणि त्याचे पाय कायम पाण्यात. पुढे युरोपीय लोकांनी हेच नाव दोन नावा जोडलेल्या जहाजाला देऊन टाकलं. ज्याला आपण आधीपासून सांगड म्हणत होतो त्याला.

नदीकाठच्या महाराष्ट्रात साधनांची कमी नव्हती. कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या काठी गूळ करायची काहील पुराच्या पाण्यात सोडून लोक पैलतीर गाठत. दक्षिणेला कातडं मढवलेले हरगोल होते. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधायचे, नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड. पांगारा आपल्याला माहीत असतो तो फाल्गुनातल्या लालभडक फुलांसाठी. पण त्याचं लाकूड इतकं हलकं की ते बुडता बुडत नाही.

इथे मला कपाटातून उठावं लागलं. हवाई बेटांवरच्या फळ्यांबद्दल वाचताना सारखं एक झाड भेटत होतं, ‘विलिविली’. तिथले सरदार ज्या लांब फळीवर लाटा घेत, ती ‘ओलो’ नावाची फळी याच लाकडाची. होडीच्या बाजूला आधाराला लावायचा तरंगता ओंडका, तोही याचाच. आणि विलिविली म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ‘एरिथ्रिना’, आपल्या पांगाऱ्याची सख्खी बहीण. हजारो मैलांवर दोन समाजांनी एकाच कुळातलं झाड हातात घेतलं, त्याचं वजन पाहिलं आणि तोच निष्कर्ष काढला. एकाने पोराच्या पाठीला बांधलं, दुसऱ्याने सरदाराच्या पायाखाली ठेवलं. यातून कोणी कोणाकडून शिकलं असा अर्थ मी काढत नाही. तसला उत्साह मी विद्यार्थ्यांच्या पेपरात लाल शाईने कापत आले आहे. हलकं लाकूड कुणालाही हलकंच लागणार.

मात्र त्या आधाराच्या ओंडक्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात अरुंद होडीला एका बाजूने दोन आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकाला ओंडका जोडतात. ती ‘उलांडी’. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय नौकांच्या घडणीवर एक मोठा निबंध लिहिला. त्यांच्या आस्थेचा एक मोठा विषय ही बाजूचा हात पसरलेली होडीच होती, कारण तिच्या बहिणी थेट प्रशांत महासागरापर्यंत दिसतात. हवाईची होडी अशीच. हे नातं कसं जुळलं यावर विद्वानांचे वाद आहेत आणि मी त्यांत पडत नाही. मला त्यातली युक्ती महत्त्वाची वाटते.

कलंडण्याचं गणित भाच्याने मला गच्चीत खडूने काढून दाखवलं. तरंगण्यासाठी पाण्याला हवा असतो आकार : एक लिटर जागा पाण्याखाली गेली की साधारण एक किलो वजन उचललं जातं. त्या बोर्डाची क्षमता तीनशे लिटरच्या आसपास, माझं वजन अडुसष्ट किलो. म्हणजे बुडण्याचा प्रश्नच नाही. पण न बुडणं आणि न कलंडणं या दोन गोष्टी वेगळ्या. आडवं होण्याला विरोध ठरतो तो मुख्यतः रुंदीवर, आणि तोही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दुप्पट तर विरोध आठपट. हे कळल्यावर सगळी जुनी साधनं एकदम एका ओळीत उभी राहिली. सांगड काय करते? दुसरी होडी बांधून रुंदी वाढवते. उलांडी काय करते? लाकूड न वाढवता हात लांब करून तेच साधते. काहील आणि हरगोल वाटोळेच, म्हणून ते गरगर फिरतात पण सहजी कलंडत नाहीत. फळी सरळ मार्गाने जाते, ती रुंदच असते. आणि ‘रामदास’ एवढी मोठी असूनही गेली, कारण माणसांचा भार सरकला.

हवाईत आजचा खेळ कसा सुरू झाला याच्या गोष्टी अनेक आहेत, आणि त्यातली वीरश्रीची मला फारशी पटत नाही. मला पटते ती पोटापाण्याची. होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर विसाव्या शतकात पर्यटकांना लाटा शिकवणारी स्थानिक पोरं असत. शिकाऊ गिऱ्हाईकांच्या गर्दीत कोण कुठे आहे हे दिसावं, मागून येणारी लाट आधी कळावी, फोटो काढता यावेत, म्हणून त्यांतले काहीजण मोठ्या फळीवर उभे राहून होडीच्या वल्ह्याने फिरू लागले. जॉन ‘पॉप्स’ आह चॉय आणि त्याचे मुलगे लेरॉय व बॉबी ही त्यांतली ठळक नावं. बॉबीला अपघातामुळे गुडघे मोडून बसणं जमत नसे म्हणून तो उभा राहिला, असं तिथे सांगतात. डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला हा माणूस एकदम जवळचा वाटला. पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या नावाजलेल्या लाटवीरांनी लांब वल्ही करून घेतली, २००४ साली ब्रायन केआउलाना यांनी माकाहाच्या जुन्या स्पर्धेत याचा वेगळा गट ठेवला, आणि दहा वर्षांत जगभर तळ्या-नद्यांवर लोक उभे दिसू लागले.

उभं राहण्याचा फायदा मात्र हवाईला सापडलेला नाही. आपल्या खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारा माणूस होडीच्या टोकाला उभाच असतो. बसून मासा दिसत नाही. पाण्यावरची चकाकी डोळ्यांत जाते. उथळ पाण्यात बांबूने तळाला रेटत तर चालवणारा नावाडीही उभा. फरक असा की तो कामासाठी उभा होता, त्यामुळे त्याच्याकडे कोणी कौतुकाने पाहिलं नाही. आपल्या देशात हा हिशेब जरासा फिरला तो मच्छीमारांच्या मुलांमुळे. चेन्नईजवळच्या कोवलमला मूर्ती मेगवन या मच्छीमाराने २०१२ साली लाटा शिकवण्याची शाळा काढली. २०२४च्या मार्चमध्ये मंगळूरजवळ ससिहित्लूच्या किनाऱ्यावर उभ्याने वल्हवण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे भारताकडून उतरलेल्यांत तमिळनाडूचा सेकर पचाई होता. कट्टुमरमच्याच किनाऱ्याचा.

आता ती गच्चीतली निळी वस्तू. हवा भरलेली गादी दाबली की वाकते, मग ही फळीसारखी ताठ कशी? तिच्या आत वरचं आणि खालचं कापड हजारो धाग्यांनी जोडलेलं असतं, सगळे धागे एका मापाचे. हवा भरली की कापडाला फुगायचं असतं, धागे त्याला फुगू देत नाहीत, आणि त्या ओढाताणीत पाठ सपाट राहते. हे कापड पाण्यासाठी जन्मलं नाही. अमेरिकेत गुडइयर कंपनीने १९५६ साली रबरी कापडाचं, हवा भरून उडवायचं विमान केलं होतं. त्याच्या पंखांत हीच युक्ती होती. लष्कराने ते पुढे नेलं नाही, पण कापड टिकलं. जुहूच्या विमानतळाशेजारी आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला विमानाचा पंख पाण्यावर आलेला पाहून बरं वाटलं.

या वस्तूच्या निवडीत आमच्या भाच्याने आधी एकदा पैसे घालवले होते. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेल्या पहिल्या बोर्डाचा कडेचा जोड उन्हात गाडीवर ठेवल्यावर सुटला. दुकानदाराने हात वर केले. चूक दोघांची होती, कारण भरलेला बोर्ड भर उन्हात ठेवायचा नसतो, आतली हवा प्रसरण पावते. त्या अनुभवातून आलेलं त्याचं शहाणपण मी इथे माझ्या शब्दांत सांगते. नवख्याने लांबीच्या मोहात पडू नये. बारा-चौदा फुटी टोकदार बोर्ड वेगाचे असतात, सरळ जातात, आणि नवख्याला पाण्यात पाडतात. साडेदहा फूट लांब, बत्तीस-तेहतीस इंच रुंद, सहा इंच जाड हे मध्यम अंगाच्या माणसाला पुरतं. चार इंची जाडीचे स्वस्त मिळतात, ते मधे खचतात. हवा बारा ते पंधरा पौंडांपर्यंत भरायची. गाडीच्या चाकात याच्या दुप्पट असते, पण इथे ती हाताने भरायची आहे, आणि शेवटचे तीन पौंड सगळ्यात महाग पडतात. बहुतेकजण दहावर थांबतात आणि मग बोर्ड डुगडुगतो म्हणून तक्रार करतात. घट्ट लाकडी किंवा फायबरचा बोर्ड पाण्यावर जास्त चांगला चालतो हे खरं, पण तो पार्ल्याच्या लिफ्टमध्ये कसा नेणार?

वल्ह्याची लांबी आपल्या उंचीहून आठ-दहा इंच जास्त. मराठीत आपण होडीच्या काठाला टेकवून ओढतात त्यालाही वल्हंच म्हणतो आणि मोकळं हातात धरतात त्यालाही. पण पहिल्यात माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो, दुसऱ्यात समोर बघतो. या खेळाचं वल्हं दुसऱ्या जातीचं, आणि त्याचं पातं दांड्याशी किंचित वाकडं असतं. आपला हात ते आपोआप पळीसारखं धरतो, पोकळ बाजू स्वतःकडे, जणू आमटी वाढायची आहे. बरोबर याच्या उलट धरायचं असतं. पात्याचा बाक पुढे. गच्चीवर उभ्याने सराव करताना मी ते पाच वेळा पळीसारखं धरलं.

शिकायला जुहू नको, हे मी आधीच ठरवलं. ‘रामदास’मुळे नव्हे. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, ओहोटीला पाणी तितकंच झपाट्याने ओढतं, लाटा किनाऱ्यावरच फुटतात आणि पावसाळ्यात निळ्या बाटल्यांसारखे डंख मारणारे जीव वाहून येतात. नवख्याला हवं थांबलेलं किंवा हळू चालणारं पाणी. म्हणून जानेवारीत आम्ही देवबागला गेलो. तारकर्लीच्या पुढे कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते ते गाव. ते निवडण्यात माझा स्वार्थ होता : वडिलांचं गाव त्याच नदीच्या काठाचं, थोडं आत.

शिकवणारा मुलगा तिथल्याच मच्छीमाराच्या घरचा, पंचविशीचा. त्याने पहिली दहा मिनिटं बोर्डाला हातही लावू दिला नाही. वारा दाखवला. आपण भूगोलात मतलई वारा आणि खारा वारा पाठ केलेले असतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे. कोळी एकावर बाहेर जात आणि दुसऱ्यावर परत येत, शिडाच्या दिवसांत. उभा माणूसही शीडच असतो, हे मला सुचलं नव्हतं. सकाळचं पाणी काचेसारखं दिसतं म्हणून नवखे तेव्हाच जातात, आणि तोच वारा त्यांना नकळत बाहेर नेतो. त्यात ओहोटी असली की संगमाकडे ओढ दुप्पट. म्हणून त्याचा नियम : भरती चढत असताना निघायचं आणि आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, अंगात दम आहे तोवर, येताना वाराच आणून सोडतो. जाकीट घालायचंच. बोर्डाची दोरी पायाला, पण वाहत्या नदीत, जिथे फांद्या-खडकांत ती अडकू शकते, तिथे कमरेला आणि एका झटक्यात सुटेल अशी. पडायचं असेल तर बोर्डापासून लांब आणि आडवं, कारण पाणी किती उथळ आहे ते कळत नाही.

मग गुडघ्यांवर बसून वल्हवणं. माझा गुडघा कुरकुरला, बॉबी आह चॉयची आठवण झाली. मग वल्हं समोर आडवं ठेवून, मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल, आणि वर. मी पडले. पुन्हा चढले, मागून नाही, मधूनच मूठ पकडून पाय झाडत. पुन्हा पडले.

"काकी, पायांकडे बघू नकात," तो म्हणाला. "थंय माडांकडे बघा. आणि वल्हां पाण्यात ठेवा. तां हातात असताना काय उपयोगाचा नाय."

ही दुसरी गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नव्हती. पात्याने पाणी दाबलं की तोच आधार होतो, घटकाभराची उलांडी. उचललं की ती जाते. म्हणून थांबलेला माणूस पडतो आणि वल्हवणारा उभा राहतो.

पाचव्या की सहाव्या वेळी उभी राहिले तेव्हा पायांना ते आधी कळलं, मला मागून. गुडघे किंचित मोडलेले, टाचा टेकलेल्या, डोळे पलीकडच्या माडांवर. असं उभं राहिलेलं मी कुणाला तरी पाहिलं होतं.

१९७२चा मे. मी बारा वर्षांची. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आम्ही मालवणला उतरलो होतो. बोट बाहेर नांगर टाकी आणि पडावातून किनाऱ्याला यावं लागे. त्या पडावात वडील बाक घट्ट धरून बसले होते, ओठ मिटून. दुसऱ्या दिवशी गावी जायला नदीवर तर होती. आई, मी आणि बोचकी मधे बसलो. वडील चढले आणि बसलेच नाहीत. तरवाला टोकाला बांबू घेऊन उभा होता, तो म्हणाला, "भाऊनू, खाली बसा. होडी कलंडतली."

"नाय कलंडूची," वडील म्हणाले. पार्ल्यात मी त्यांच्या तोंडून मालवणी कधी ऐकलं नव्हतं. पाय फाकलेले, गुडघे सैल, हात कशालाही न धरता ते पैलतीरापर्यंत उभे राहिले. लहानपणी शाळेला ते रोज अशीच नदी ओलांडत, हे मला त्या दिवशी आजीने सांगितलं. पार्ल्याला परतल्यावर नियम तोच राहिला : घोट्यापर्यंत. मी कधी विचारलं नाही. ते गेले १९९८ला.

देवबागला मी तीन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी भरतीबरोबर कांदळवनाच्या कडेने अर्धा तास आत गेले, दोनदा पडले. वडिलांच्या गावाचा धक्का त्या वळणापलीकडे होता, तिथवर पोचले नाही. वारा फिरायची वेळ झाली म्हणून पोराने मागे बोलावलं.

२६ मे ते ३१ ऑगस्ट किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे सगळे उद्योग बंद असतात, त्यामुळे पिशवी पुन्हा माळ्यावर गेली. भाच्याने ती परत मागितली नाही. मीही विषय काढलेला नाही. लक्ष्मीपूजन अमावस्येचं, तेव्हा उधाण. त्यानंतर आठवड्याने, कार्तिक शुद्ध अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाण्याची ओढ सगळ्यात कमी. त्या दिवसांचं कोकणकन्येचं तिकीट काढून ठेवलं आहे. पंपाचा वॉशर तेवढा झिजलाय. तो पार्ल्याच्या बाजारात सायकलवाल्याकडे मिळतो का, हे अंक हाती येण्याआधी बघायचं आहे.